गाण्याचा कौल

काशीच्या घाटांना पाठ करून गंगा ओलांडली आणि पूर्वतीराला उतरले की रामनगर लागते. राजा बलवंतसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेला काशीनरेशांचा किल्ला येथे गंगेच्या पाण्यात पाय सोडून उभा आहे. भाद्रपदातील अनंत चतुर्दशी आली, की आपल्याकडे गणपती पाण्यात जातात आणि रामनगरात रामलीला उभी राहते. महाराज उदितनारायणसिंहांच्या काळी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ती आजच्या रूपाला येऊ लागली. एकतीस दिवस हे सारे गावच रंगभूमी होते. एका वस्तीत अयोध्या, दुसरीत जनकपूर, दूर शेतापलीकडे लंका. आणि प्रेक्षक एका जागी बसून न राहता रामामागे चालत राहतात. रामायणी मंडळी गोल बसून तुलसीदासांचे मानस गातात; त्यांचे गाणे थांबले की व्यास 'चुप रहो, सावधान' अशी आरोळी देतात आणि संवाद सुरू होतो. हजारोंचा जमाव, तरी ध्वनिक्षेपक नाही. विजेचा दिवाही नाही. मशाली आणि बत्त्या यांच्याच प्रकाशात सारे चालते. शब्द ऐकू यावा म्हणून तिथे आवाज मोठा करीत नाहीत, लोकच गप्प होतात. आणि या एकतीस दिवसांच्या गायनात कोण पहिला आला, कोण दुसरा, हा प्रश्न कोणाच्या मनाला शिवत नाही.

सन २०२५ मधील २० सप्टेंबर हा दिवस सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी आला होता. रामनगरात ते दिवस रामलीलेचे होते. त्याच रात्री मॉस्कोनजीकच्या एका भव्य सभागृहात 'इंटरव्हिजन' नावाची आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा चालू होती. तेवीस देशांची नावे जाहीर झाली होती. अमेरिकेच्या बाजूने गाणाऱ्या गायिकेचे सादरीकरण ऐन वेळी रद्द झाल्याने बावीस देश प्रत्यक्ष उतरले. त्यांत भारत होता. रौहान मलिक या तरुण गायकाने 'इश्क' हे गीत भारताच्या नावाने गायिले. पहिला क्रमांक व्हिएतनामच्या डुक फुक या गायकाला मिळाला. लहानपणी मुके बसलेले आणि देशावर संकट येताच एकाएकी वाढून योद्धा झालेले एक मूल व्हिएतनामच्या लोककथेत आहे. त्याच कथेवर त्याचे गीत उभे होते. यजमान रशियाच्या गायकाने मात्र, आपण घरचे आहोत, तेव्हा आपल्याला गुणच देऊ नयेत, अशी विनंती परीक्षकांना व्यासपीठावरूनच केली.

या दोन दृश्यांत अंतर फार आहे. एकीकडे गाण्याला तुलनाच नाही, दुसरीकडे तुलनेसाठीच गाणे. परंतु या अंतराकडे पाहून, 'स्पर्धा ही परक्यांची रीत, आपली रीत भक्तीची' असा सोपा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. गाण्याची चढाओढ आपल्याला नवी नाही. नवे आहे ते देशाच्या नावाने गाणे, आणि त्याचा कौल कोणी अदृश्य माणसाने देणे. ही गोष्ट कशी घडत आली आणि तीत आपला सहभाग किती व कसा राहिला, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्या घरच्या चढाओढीकडे वळू. महाराष्ट्रात शाहिरांचे फड समोरासमोर बसत. कलगीचा पक्ष शक्तीला श्रेष्ठ मानणारा, तुऱ्याचा पक्ष शिवाला. एकाने भेदिक लावणीतून कोडे घालावे, दुसऱ्याने डफ-तुणतुण्याच्या साथीवर त्याच चालीत, त्याच बंधात उत्तर द्यावे. उत्तर सुचले नाही तर हार. कोकणात शक्तिवाले आणि तुरेवाले यांची ही परंपरा जाखडीच्या नाचातून अद्याप जिवंत आहे. रत्नागिरीकडचे चाकरमानी तिला मुंबईच्या नाट्यगृहांपर्यंत घेऊन आले. सिंधुदुर्गात दोन बुवांची डबल बारी रात्रभर रंगते, तीही याच जातीची.

पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, हीच कलगी आणि हाच तुरा गंगेच्या काठीही नांदत होता. तिकडे त्याचे नाव 'लावनी' असेच आहे. वाद्य मात्र डफाऐवजी चंग. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर चंदेरीच्या राजापुढे गायिले, राजाने प्रसन्न होऊन एकाला आपल्या पागोट्याचा तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी आख्यायिका हिंदी प्रदेशात सांगतात, आणि या गानप्रकाराचे मूळ दक्षिणेत, महाराष्ट्राकडे दाखवितात. हिंदी साहित्याचे आधुनिक युग ज्यांच्यापासून मोजतात, ते काशीचे भारतेंदु हरिश्चंद्र यांनी स्वतः लावण्या रचल्या, कजऱ्याही रचल्या. आणि रामनगरच्या रामलीलेचे संवाद घडविण्यातही त्यांचा हात होता असे परंपरा सांगते. रामनगरहून गंगेच्या काठाकाठाने वर गेले की मिर्झापूर येते. तेथे श्रावण-भाद्रपदात कजरीचे आखाडे भरतात आणि कुस्तीच्याच शब्दाने त्या सामन्याला 'दंगल' म्हणतात. म्हणजे एकच काशी आणि तिचा परिसर गाण्याची दोन्ही रूपे सुखाने बाळगून होता. रामलीलेत स्पर्धेचा विचारही नाही, आणि दंगलीत स्पर्धेशिवाय रंग नाही.

या जुन्या चढाओढींचे एक लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तेथे निवाडा करणारा माणूस गाणाऱ्याच्या समोर बसलेला असे. त्याला ती भाषा येत असे, त्या पुराणकथा ठाऊक असत, यमक चुकले तर ते त्याच्या कानाला खुपत असे. आणि चुकीचा निवाडा दिला, तर उजाडल्यावर त्याच गावात त्याला तोंड दाखवावे लागे. न्याय देणाऱ्याची अशी जबाबदारी हा त्या फडांचा खरा कणा होता.

नभोवाणी आली आणि हा कणा बदलला. गाणारा एका खोलीत, ऐकणारा शेकडो मैलांवर, आणि दोघांच्यामध्ये एक नवा अधिकारी, म्हणजे प्रसारण करणारी संस्था. कोणाचे गाणे हवेत सोडावे हे ठरविणारा तो एकच. आपल्या देशात या अधिकाराचा सर्वांत ठाम वापर ज्यांनी केला, ते गृहस्थ मराठी होते आणि काशीशी त्यांचे नाते होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा जन्म १९०३ सालचा. असहकाराच्या लाटेत १९२१ साली स्थापन झालेल्या काशी विद्यापीठात ते शिकले, पुढे पॅरिसला जाऊन विद्वत्तेची पदवी मिळविली. शास्त्रोक्त संगीताची त्यांनी तालीम घेतलेली होती. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी मंत्री होते.

केसकरांची श्रद्धा अशी होती की, राजेरजवाड्यांचा आश्रय संपल्यावर अभिजात संगीत जगवावयाचे, तर राष्ट्राच्या नभोवाणीनेच दरबाराची जागा घेतली पाहिजे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, आकाशवाणीचे संगीत संमेलन १९५४ साली. ज्या गवयाचे नाव पूर्वी आपल्या गावापलीकडे जात नव्हते, त्याचा षड्ज एकाच रात्री दिल्लीत आणि धारवाडात ऐकू येऊ लागला. तरुणांसाठी स्पर्धा भरू लागल्या. हे ऋण मोठे आहे, ते नाकारता येणार नाही.

परंतु निवडीचे काम आले म्हणजे परीक्षा आली. कलावंतांची श्रेणी ठरविण्यासाठी मंडळे नेमली गेली. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखे थोर संगीतज्ञ त्या कामी पुढे होते. पक्षपात होऊ नये, हा हेतू निर्मळ होता. पण ज्यांनी पन्नास वर्षे मैफली गाजविल्या, त्यांना आपल्याला 'अ' किंवा 'ब' ठरविण्यासाठी कोणापुढे तरी जाऊन गावे लागणे, हा अपमान वाटला. त्यावरून मोठा गदारोळ उठला. ज्याने दाद द्यावयाची, त्याचे तोंड दिसत नाही, त्याची मान डोललेली दिसत नाही. मागाहून टपालाने केवळ एक अक्षर येते. गाण्याला गुण देण्याचा आधुनिक प्रश्न भारतात पहिल्यांदा येथे उघडा पडला.

दुसरी बाजू सर्वश्रुत आहे. चित्रपटगीतांना केसकरांनी आवर घातला, निर्मात्यांशी वाद झाला, आणि १९५२ च्या सुमारास ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा फिरवला. समुद्रापलीकडून सिलोन नभोवाणीची हिंदी सेवा ऐकू येत होती. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून अमीन सायानी यांच्या आवाजात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आरंभी ती खरोखरच एक स्पर्धा होती. सात गीते वाजवावयाची, त्यांचा लोकप्रियतेचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवावयाचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, आणि वर्षाच्या आत हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असे सायानी सांगत. राष्ट्राची नभोवाणी मंडळाकडून गुण घेत असताना परदेशी केंद्र पोस्टकार्डावर लोकांचा कौल घेत होते. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. जाणकाराचा निवाडा आणि लोकांचा कौल यांची ही झुंज होती. तीत कोणाचाही पूर्ण विजय झाला नाही, आणि तेच इष्ट होते.

आता याच वर्षांत युरोपात काय चालले होते ते पाहू. इटलीत सानरेमो येथे १९५१ पासून गीतस्पर्धा भरू लागली आणि ती नभोवाणीवरून देशभर ऐकली जाऊ लागली. युरोपातील प्रसारणसंस्थांचा संघ १९५० साली स्थापन झालेला होता. महायुद्धाला दहा वर्षे झाली होती. कालपर्यंत एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या देशांच्या दूरचित्रवाणी केंद्रांना एका तारेत गुंफता येईल काय, हा प्रश्न तांत्रिक होता तसाच मानसिकही होता. स्वित्झर्लंडच्या दूरचित्रवाणीचे मार्सेल बेझांसों यांच्या पुढाकाराने १९५५ साली गीतस्पर्धेची कल्पना संमत झाली. दुसऱ्याच वर्षी, २४ मे १९५६ रोजी, लुगानो या स्विस गावी पहिली 'युरोव्हिजन' स्पर्धा भरली. देश सात, प्रत्येकाची गीते दोन. घरोघर दूरचित्रवाणी संच नव्हते. म्हणून पुष्कळांनी ती नभोवाणीवरूनच ऐकली.

त्या पहिल्या स्पर्धेचा निकाल कसा लागला, हे ऐकून आपल्याकडील फडकऱ्यांना हसू आले असते. प्रत्येक देशाचे दोन परीक्षक, मतदान गुप्त, स्वतःच्या देशालाही मत देण्याची मुभा, आणि लक्झेंबर्गचे परीक्षक येऊ न शकल्याने त्यांच्या वतीने मते दिली स्विस परीक्षकांनी! जिंकली स्वित्झर्लंडची लिस आसिया. कोणाला किती गुण मिळाले, हे कधीच प्रसिद्ध झाले नाही. तिचे गाणे वाईट होते असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही; परंतु निकालावर कोणीही बोट ठेवू शकेल अशी ती रचना होती. दुसऱ्याच वर्षी नियम बदलले: स्वतःच्या देशाला मत नाही, आणि गुण सर्वांसमक्ष फलकावर. गुणफलक आला आणि प्रेक्षकांना गाण्याइतकीच बेरजेची गोडी लागली.

पुढचा इतिहास हा बराचसा नियमांचाच इतिहास आहे. १९६९ साली माद्रिदला चार देशांचे गुण समसमान झाले. बरोबरी झाल्यास काय करावे याचा नियमच नव्हता. म्हणून चौघांनाही विजयी म्हणावे लागले. सत्तरच्या दशकात गुणांची पद्धत बदलली. १९९७ पासून काही देशांत दूरध्वनीवरून लोकांची मते घेऊ लागले, आणि पाहता पाहता परीक्षक मागे पडले; पुढे शेजाऱ्याने शेजाऱ्याला मते वाटल्याची तक्रार वाढली, तेव्हा परीक्षकांना परत बोलावून निम्मे गुण त्यांच्या हाती दिले गेले. कोणत्या भाषेत गावे, यावरही मत वारंवार पालटले. काही वर्षे आपल्या देशाचीच भाषा सक्तीची, मध्येच मोकळीक, पुन्हा सक्ती, आणि १९९९ पासून कायमची मोकळीक. मोकळीक मिळताच बहुतेक देश इंग्रजीकडे धावले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या साऱ्या कोलाहलात १९७४ सालची एक गोष्ट मात्र कोणीही विसरू नये. त्या वर्षी इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्वीडनच्या अॅबा या चमूने बाजी मारली. त्यांचे नाव जगभर झाले. पोर्तुगालच्या पाउलो द कार्व्हाल्यो यांना अवघे तीन गुण मिळाले आणि त्यांचा देश शेवटच्या ओळीत गेला. स्पर्धा ६ एप्रिलची. त्यानंतर तीन आठवडेही झाले नाहीत, तोच २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटे कमी असताना लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्रावरून हेच शेवटच्या ओळीतील गीत वाजले. सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी ठरविलेली ती पहिली खूण होती. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधील जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही कोसळली. शिपायांच्या बंदुकांत लोकांनी लाल फुले खोवली. प्रेमभंगाचे ते एक साधे गीत, म्हणूनच कोणा पहारेकऱ्याला संशय आला नाही. तीन गुणांच्या गाण्याने एका देशाचा इतिहास फिरवला. गाण्याची किंमत गुणफलकावर मांडता येते, असे ज्याला वाटत असेल त्याने या रात्रीचे स्मरण करावे.

पूर्व युरोपनेही आपला वेगळा मांडव घातला होता. पोलंडमध्ये सोपोटच्या नावाने १९६१ पासून गीतमहोत्सव भरत असे. त्याचा प्रारंभ करणाऱ्यांत व्लादिस्लाव श्पिलमान हे पियानोवादक होते. वॉर्सातील संहारातून वाचलेल्या या कलावंताची कथा पुढे चित्रपटातून जगाला कळली. १९७७ ते १९८० या चार वर्षी याच सोपोटला समाजवादी देशांची 'इंटरव्हिजन' स्पर्धा झाली. मग पोलंडमध्ये कामगारांची चळवळ उठली, लष्करी कायदा आला, आणि स्पर्धा बंद पडली. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये युरोव्हिजनने रशियाला दूर ठेवले. तेव्हा रशियाने हेच जुने नाव पुन्हा बाहेर काढले. मघाशी सांगितलेली २०२५ सालची स्पर्धा ती हीच. म्हणजे भारत ज्या मंचावर गायिला, तो मंच निव्वळ गाण्याचा नव्हता. त्याच्या खाली राजकारणाच्या फळ्या होत्या. युरोव्हिजनच्या मंचाखाली त्या नव्हत्या असेही नाही.

परंतु भारताच्या नावाने परदेशच्या दूरचित्रवाणी स्पर्धेत गाण्याची ही पहिली वेळ नव्हती. आणि आधीची एक कथा आपल्या घरची आहे.

आपल्याकडे दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबईला तो यावयास २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. गाण्याच्या स्पर्धेने खरे मूळ धरले ते १९९५ नंतर, खाजगी वाहिन्यांच्या काळात. २००४ साली इंग्लंडमधील एका कार्यक्रमाच्या धर्तीवर 'इंडियन आयडॉल' सुरू झाला आणि मार्च २००५ मध्ये त्याचा पहिला विजेता ठरला मुंबईचा अभिजीत सावंत. या विजयात परीक्षकांचा वाटा होता, पण शेवटचा शब्द होता भ्रमणध्वनीवरून संदेश पाठविणाऱ्या प्रेक्षकांचा. एका साध्या मराठी घरातला मुलगा देशाच्या मतांवर निवडून आला, याचे महाराष्ट्राला कौतुक वाटले ते स्वाभाविक होते.

डिसेंबर २००७ मध्ये इंडोनेशियाच्या जाकार्ता शहरी या जातीच्या कार्यक्रमांच्या सहा विजेत्यांची एक स्पर्धा भरली. तिचे नाव 'एशियन आयडॉल'. भारताचा अभिजीत सावंत, इंडोनेशियाचा माइक मोहेडे, मलेशियाची जॅकलिन व्हिक्टर, फिलिपाइन्सची माऊ मार्सेलो, व्हिएतनामची फुओंग व्ही आणि सिंगापूरचा हादी मिर्झा असे ते सहाजण. १५ तारखेला गायन, १६ ला निकाल. पुष्कळांचा होरा यजमान इंडोनेशियाकडे होता, कोणाचा मलेशियाकडे, आणि आपल्याकडच्या भाबड्या गणिताने तर प्रश्नच नव्हता. शंभर कोटींहून मोठा देश, त्याच्या मतांपुढे कोण टिकणार? प्रत्यक्षात जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. त्याच्या देशाची तेव्हाची वस्ती पन्नास लाखांच्या आतली.

हे कसे घडले? कारण नियमांत होते. प्रत्येक मतदाराने एक नव्हे, दोन नावे द्यावयाची होती. आणि प्रत्येक देशाच्या मतांची टक्केवारी काढून सर्व देशांना सारखे वजन द्यावयाचे होते. पहिले नाव बहुतेकांनी आपापल्या गायकाचे दिले. मग दुसरे नाव कोणाचे? जो कोणाचाच पहिला आवडता नाही, पण कोणाच्याही डोळ्यांत खुपत नाही, अशा गायकाकडे ती दुसरी मते गेली, असे मत तेव्हा मांडले गेले. हादी मिर्झा चांगला गायिला, यात शंका नाही. परंतु तेच सहा गायक, तीच गाणी, तेच प्रेक्षक असते आणि मतदाराला एकच नाव लिहावयाचे असते, तर निकाल कदाचित निराळा लागला असता. ज्याला आपण कौल म्हणतो, तो अर्धा आवाजाचा असतो आणि अर्धा नियमाचा.

या पराभवाचे आपण काय केले? काही दिवस हळहळलो आणि विसरलो. मला वाटते, विसरण्यापेक्षा त्याचा विचार करणे अधिक उपयोगाचे होते. अभिजीत सावंत तेथे भारताच्या नावाने गायिला; पण त्याला भारताच्या नावाने कोणी पाठविले? संस्कृतिमंत्रालयाने नव्हे, राष्ट्रीय दूरचित्रवाणीने नव्हे. एका खाजगी कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी. आणि आपण त्याला आपला म्हटले की नाही? म्हटले. म्हणजे देशाच्या वतीने गाण्याचा अधिकार कोठून येतो, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. केसकरांच्या काळी आपण तो अधिकार जाणकारांच्या मंडळाला दिला, आणि लोक सिलोनकडे गेले. पुढे आपण तो संदेश पाठविणाऱ्या बोटांना दिला, आणि गाण्याचे आयुष्य एका हंगामापुरते आखडले.

भारतासारख्या देशापुढे आणखी एक पेच आहे, तो लुगानोच्या त्या सात देशांपैकी बहुतेकांपुढे फारसा नव्हता. आमच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. तीन मिनिटांच्या गीतात कोणत्या भाषेने देशाचे नाव घ्यावे? कोणत्याही एकीची निवड केली की एकवीस बाहेर राहतात. या पेचावर एकदा फार सुंदर तोडगा निघाला होता. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनने 'मिले सुर मेरा तुम्हारा' दाखविले. भैरवीच्या आधाराने एक भाषा दुसरीच्या हाती स्वर देत गेली आणि आरंभी आवाज होता पंडित भीमसेन जोशी यांचा. ते गीत कोणत्याही स्पर्धेत गेले नाही. त्याला गुण देण्याची कल्पनाही कोणाला सुचली नाही. तरीही त्या पिढीतील कोणत्याही भारतीयाला, 'देशाचे गाणे कोणते' असे विचारले असते, तर त्याचेच नाव निघाले असते.

मग स्पर्धेत भाग घेऊच नये काय? माझे मत तसे नाही. फडावर न उतरणारा शाहीर आपल्या घरच्या ओसरीवर कितीही गोड गायिला, तरी त्याला आपले उणे कळत नाही. परक्यांच्या कानांवर आपले गाणे कसे पडते, हे जाणण्यासाठी जावे. व्हिएतनामने गावोगावच्या आजीने सांगितलेली कथा घेतली आणि जिंकली. आपल्याकडे अशा कथा आणि चाली काय थोड्या आहेत? एक कजरी, एक भेदिक लावणी, जाखडीचा एक ठेका. यांपैकी काहीही घेऊन कोणी तरुण जगाच्या मंचावर उभा राहिला, तर तो हरला तरी काही सांगून येईल. एवढे मात्र व्हावे की, त्याला पाठविणारे कोण, त्यांनी कशाच्या आधारे निवडले, हे देशाला उघडपणे कळावे. फडाचा निवाडा गावासमोर होई. देशाच्या नावाने गाणाऱ्याची निवडही देशासमोर व्हावी. लुगानोच्या गुप्त चिठ्ठ्यांपासून युरोप एका वर्षात हे शिकला. आपण शिकावयास हरकत नसावी.

आणि परत आल्यावर त्याने पुन्हा एकदा रामनगरला जावे. तेथे भाद्रपदाच्या अंधारात बत्तीच्या उजेडात बसलेले रामायणी गात असतील. त्यांच्यातला एखादा आवाज आता थकलेला असेल, एखादा कोवळा असेल. ध्वनिक्षेपक नसल्यामुळे मागच्या रांगेतील म्हाताऱ्याला प्रत्येक शब्द ऐकू येईलच असे नाही; पण त्याला तो पाठ आहे, आणि त्याचे ओठ हलत आहेत. तेथे गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये गुणफलक उभा राहू शकत नाही, कारण दोघेही गातच आहेत. स्पर्धेच्या मांडवात देशाचे गाणे निवडले जाते. ते जन्माला येते अशा ठिकाणी. ही जागा ज्या देशात शाबूत आहे, त्याने जाकार्ताला हार पत्करली किंवा मॉस्कोला क्रमांक गमावला, म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही.